साडेआठशेची काळी क्यू

भाग्यलक्ष्मी बिरादारला एका जागी बसता येत नाही, हे अख्ख्या नारायणगुड्याला माहीत होतं. बसमध्ये सीट मिळाली तरी ही दोन स्टॉप आधीच उठून दाराशी उभी. जेवायला बसली तर दुसऱ्या घासाला ताट घेऊन खिडकीत. टायपिंगचा क्लास अर्ध्यात सोडला, कारण हिची बोटं पुढं पळायची आणि मास्तर मागंच राहायचे. साडीच्या दुकानातली नोकरी तीन महिन्यांत गेली. एक बाई चाळीस साड्या उलगडायला लावून "बघते, नंतर येते" म्हणाल्या, तर हिनं सरळ विचारलं, "नंतर म्हंजे कधी? वार सांगा." मालकानं तिथल्या तिथं हिशोब चुकता केला.

वडील हिम्मतराव भालकी तालुक्यातल्या शेतकरी घरातले, पण तीस वर्षं हैदराबादेत बसडेपोत फिटर म्हणून काढली आणि आता रिटायर होऊन घरातले सगळे नळ दर आठवड्याला उघडून परत बसवायचे. आई सुशीलाबाई म्हणायच्या, "बाप न् लेक, दोघांच्या बी हाताला खाज हाय. एकानं नळ खोलावं, एकीनं नोकऱ्या सोडाव्या. म्या मधी बसून काय करू, टाळ्या वाजवू?"

मग पेजर आला. कमरेला लावायची काळी डबी. लोक ऑफिसला फोन करून निरोप सांगायचे, ऑपरेटर तो टाइप करायची, की तिकडं त्या माणसाच्या कमरेवर टींटीं वाजायचं. हिमायतनगरला नवीन ऑफिस उघडलं, एसीवालं, आणि तिथं भाग्याची बोटं कामाला आली. समोरचा माणूस "जल्दी घर आओ" पूर्ण बोलायच्या आत हिनं ते पाठवलेलं असायचं. अडीच वर्षं टिकली ती तिथं! सुशीलाबाईंनी तर देवाला नारळ फोडला.

टिकली त्याचं अजून एक कारण होतं, ते ऑफिसच्या खाली होतं. पहिल्या मजल्यावर मोईनभाईंचा पूल हॉल. चार टेबलं, वर हिरव्या कापडाचे दिवे, कोपऱ्यात एक टीव्ही आणि त्याच्यावर कायम केबलचं स्पोर्ट्सचं चॅनल. एक दिवस सकाळची शिफ्ट संपवून ही जिना उतरत होती तेवढ्यात आतून आवाज आला. कडाड! कुणीतरी नऊ बॉल फोडले होते. ती दारात थांबली. पांढरा बॉल जाऊन त्या रंगीत बॉलांच्या चौकोनावर आदळतो आणि सगळं जग एका सेकंदात चारी बाजूंना पळतं. भाग्याला वाटलं, अरे, हे तर आपल्या डोक्यात रोज होतं, इथं टेबलावर करतात आणि वर पैसे देऊन करतात!

त्या दिवशी ती आत गेली. हॉलमध्ये तोवर बाई म्हणून कुणी आलंच नव्हतं, झाडूवाली सोडून. पोरांनी खेळ थांबवला. मोईनभाई काउंटरवरून म्हणाले, "क्या होना, अम्मा? एसटीडी बाजू में है."

"एसटीडी नक्को. एक टेबल होना."

मोईनभाईंना हसू आलं, पण त्यांनी टेबल दिलं. दीड वर्षात ही पोरगी हॉलमधल्या निम्म्या पोरांना हरवायला लागली. गंमत म्हणजे, जी कुठंच थांबत नव्हती ती शॉट लावताना थांबायची. वाकली, हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या त्या काठीला, लावली की पुतळा. बॉल पॉकेटात गेला की परत चालू, टेबलाभोवती फेऱ्या, खडू घासणं, समोरच्याला "लाव ना, लाव ना" करणं.

एक गोष्ट तेवढी तिला जमत नव्हती. ब्रेक.

ज्यांनी पूल पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, नऊ बॉलांच्या गेममध्ये पहिला फटका मारून सगळे बॉल फोडायचे असतात. फोडताना एक जरी बॉल पॉकेटात गेला तर पुढं तुम्हीच खेळायचं. नाही गेला तर समोरचा येणार, आणि चांगला खेळाडू असेल तर तुम्ही खुर्चीत बसून बघत राहायचं. पांढरा बॉल दर वेळी आधी टेबलावरच्या सगळ्यांत लहान नंबराला लागायला हवा, आणि नऊ नंबरचा बॉल ज्यानं घातला त्याचा गेम. भाग्याचा ब्रेक म्हणजे बॉल जरासे हलायचे, एकमेकांना नमस्कार करायचे आणि तिथंच बसायचे. वर तिच्याकडं क्यू एकच, ती पण कुणाची तरी जुनी घेतलेली. जोरात मारून मारून तिच्या टोकाची पांढरी टोपी तडकली होती. मोईनभाईंनी सरस लावून, दोरा गुंडाळून ती बसवली आणि बजावलं, "इससे अब ब्रेक मारी तो क्यू गई समझ."

आणि हॉलच्या क्यूनं ब्रेक मारायला मोईनभाईंची सक्त मनाई होती, भिंतीवर हिरव्या पाटीवर लिहिलं होतं. जोराच्या फटक्यानं टोकाचं चामडं उडतं आणि नवीन चामडं त्यांच्या खिशातून जातं. ज्याला ब्रेक मारायचा त्यानं आपली क्यू आणायची. कुणाची मोडली तर समोरच्याची मागायची, आणि मागितली की समोरच्यानं द्यायचीच. हे मात्र पाटीवर नव्हतं, पण त्या हॉलची रीत होती. एकदा एका पोरानं द्यायला नकार दिला, तर महिनाभर त्याच्याशी कुणी खेळेना. शेवटी तो दुसऱ्या हॉलला गेला.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये पेजरच्या ऑफिसात एक टाइप केलेला कागद लागला. लोकांच्या हातात मोबाइल आले होते, निरोपांचे फोन निम्म्यावर आले होते, मेअखेरीला ऑफिस बंद. भाग्यानं कागद वाचला, परत वाचला आणि खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा एक नोकरी तिनं नव्हती सोडली, नोकरीनं तिला सोडलं होतं. तिला ते फारच झोंबलं.

मोईनभाईंचं त्याच सुमारास मेहदीपटणमला दुसरा हॉल उघडायचं चाललं होतं. तिथं सकाळची वेळ बायका आणि कॉलेजच्या मुलींसाठी ठेवायची, शिकवायला कुणीतरी हवं, असं त्यांच्या डोक्यात होतं. भाग्यानं ऐकलं आणि काउंटरवर दोन्ही हात आपटले.

"मैं सिखाती!"

"मेरे को मालूम तू सिखाती. पार्टनर को कौन समझाना? उने बोलता, कौन है ये पोट्टी, क्या जीती?" मोईनभाईंनी कान खाजवला. "सुन. अप्रैल में अपना टूर्नामेंट है. बत्तीस लोगां. आखरी चार में आ जा. फिर मैं उसका मुँह बंद करता. नहीं आई तो मेरे को नक्को बोल."

आखरी चार. बत्तिसातून तीन मॅच जिंकायच्या. आणि ब्रेक हा असा.

तिच्याकडं क्यूसाठी नऊशे रुपये होते. हॉलमधल्या पोरांनी सल्ले द्यायला सुरुवात केली आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता, वजन. भारी क्यू घे, इक्कीस औंसच्या खाली बघूच नको, बॉल फुटणार म्हंजे फुटणार. तिच्या दंडाकडं बघून एक जण म्हणाला, "तेरे को तो पच्चीस औंस की होना, हाथ में तो कुछ हैच नहीं!" सगळे हसले. तीही हसली. पण ते डोक्यात बसलं.

कोठीला पुस्तकांच्या गल्लीच्या मागं खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं, कॅरम बोर्डांच्या ढिगामागं तीन पूल क्यू उभ्या होत्या. पहिली तैवानची, मधून स्क्रूनं जोडायची, मुठीवर सोनेरी ड्रॅगन. भाव ऐकूनच तिनं ती परत ठेवली, ड्रॅगनला नीट उभं करून. दुसरी अगदी साधी, एकसंध लाकूड, ना नाव ना रंग. साडेचारशे. तिसरी काळी, चकचकीत, मेरठची, आणि खाली चंदेरी स्टिकर: २१ औंस. साडेआठशे.

दुकानात टेबल कुठलं असणार? तिनं काउंटरच्या काचेवर तिन्ही लोळवून बघितल्या. वाकडी क्यू लोळताना डुगडुगते, सरळ असेल तर शांत लोळते. ड्रॅगन डुगडुगला, एवढी किंमत असून! काळी शांत होती. आणि साधी तर इतकी शांत, की लोळत लोळत काउंटरच्या कडेपर्यंत गेली आणि तिनं झेलली. हातात घेतली तर हाताला कळलंच नाही की काही घेतलंय. तिनं डावा हात काउंटरवर टेकवून दोनदा मागंपुढं केली. सर्र, सर्र. अशी सरकली की भाग्याच्या मानेवर काटा आला.

तेवढ्यात बॅडमिंटनचं जाळं घ्यायला आलेली दोन पोरं मागं उभी होती. एक म्हणाला, "अरे, वो तो पोछे की लकडी है!" दुसरा म्हणाला, "अम्मा, फिनाइल साथ में लेना क्या?"

दुकानदारही हसला. आणि बस्स. भाग्याचे कान तापले. तिनं साधी क्यू खाली ठेवली, काळी उचलली आणि म्हणाली, "ये. बांधो." साडेआठशे रुपये तिनं न मोजता पुढं केले, नऊशेतली पन्नासची नोट तेवढी मागं ठेवून. दुकानदारानं पावतीवर शिक्का मारला, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिनं तो बघितलासुद्धा नाही. ती केव्हाच पायऱ्या उतरली होती.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पहिला ब्रेक मारला. पांढरा बॉल टेबलावरून उडाला आणि पंख्याच्या रेग्युलेटरवर आदळला. दुसरा मारला, बॉल कोपऱ्यातल्या टीव्हीखाली. तिसऱ्याला सगळे खुर्च्या मागं घेऊन बसले. मोईनभाई म्हणाले, "टेबल पे खेल बाबा, टेबल का पैसा देती ना तू."

चार दिवस तिनं तासतास ब्रेक मारले. दंड भरून आला, मनगट सुजलं. क्यू मागून हाताला ओढत होती, खेचून पुढं आणेपर्यंत टोक भलतीकडं. तिला वाटलं आपलाच हात खराब आहे. पाचव्या दिवशी घरी जाताना ती एकनाथरावांच्या किराणा दुकानापाशी थांबली. एकनाथराव शेवग्याच्या शेंगा तोलत होते. नारायणगुड्यात मराठीत भाव सांगणारं आणि मराठीत उधारी नाकारणारं ते एकच दुकान.

"काका, हे जरा तोला."

एकनाथरावांनी क्यू बघितली, तिला बघितलं. "ह्याचं काय लोणचं घालतीस?"

"तोला ना!"

तराजूच्या ताटात ती मावेना. आडवी ठेवली तर डाळीच्या डब्याला लागायची. शेवटी एकनाथरावांनी ताटाच्या तिन्ही साखळ्यांना सुतळी बांधून ती झोळीत झोपवली. दुकानात चार गिऱ्हाइकं थांबली, एक तेलुगू मावशी "एंटम्मा इदि?", काय गं हे, असं विचारत पुढं आली. एकनाथरावांनी वजनं बदलली, परत बदलली.

"सातशे ग्रॅम. वर कोथिंबीर देऊ का?"

भाग्यानं तिथंच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गुणाकार केला. एकवीस औंस म्हणजे सहाशेपेक्षा पण थोडं कमी. ही सातशे! स्टिकर खोटं होतं. ती तशीच क्यू खांद्यावर टाकून कोठीला गेली, चालत, कारण बसची वाट बघायला थांबवलं नसतं. दुकानदारानं पावतीवरचा शिक्का दाखवला. ती म्हणाली, बदलून ती साधी द्या, वरचे पैसे ठेवा तुम्हाला. तो म्हणाला, "वो तो परसों बिक गई."

घरी आली आणि क्यू दिवाणावर फेकली. सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. "फेकायचंच हुतं तर आनलीस कशाला?"

"मूर्ख हाव मी!" भाग्या रडायलाच लागली. "ती चांगली हुती, हाताला कळालतं मला, कळालतं! पोट्ट्यांनी हसलं म्हणून ही घेतली. साडेआठशे गेले, नोकरी बी गेली समज."

हिम्मतराव आतून आले. त्यांना पूलचा राग होता. जुगाऱ्यांचा अड्डा म्हणायचे, दीड वर्षात त्यांनी त्या हॉलचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी रडणाऱ्या पोरीकडं बघितलं नाही, दिवाणावरच्या क्यूकडं बघितलं. उचलली. बोटावर आडवी तोलली. तोल जिथं हवा तिथं नव्हता, पार मुठीपाशी होता.

"मागं काहीतरी भरलंय," ते म्हणाले.

त्यांनी बुडाचं रबर पेचकसानं उचकटलं. आत करडं, चमकणारं काहीतरी. नखानं खरवडलं. आणि हिम्मतराव असे भडकले की मेथीची पानं उडाली.

"शिसं! शिसं वतलंय गाढवानं! लाकूड खालून पोकळ करून शिसं वतलंय, अन् त्येला बी मधी छिद्र नाही, नट नाही. ह्येला कारागीर म्हणायचं? आमच्या डेपोत असं काम केलं असतं तर साहेबानं कानशिलात दिली असती. कोन हाय ह्यो मेरठवाला?"

"बाबा, निघल का ते?"

"निघल का म्हंजे? तीस वर्षं काय गवत उपटलं का म्या?"

दिवाणखान्याच्या बाहेरच्या गॅलरीत त्यांचा वाइस होता, वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. क्यूला जुन्या टॉवेलात गुंडाळून वाइसमध्ये धरलं आणि हातड्रिल लावलं. शिशाचे गुंडाळे बाहेर यायला लागले, मऊ, चकलीसारखे. सुशीलाबाईंनी खाली पेपर अंथरला आणि बजावलं, "त्या हातानं पान्याच्या माठाला हात लावू नका, सांगून ठिवते." भाग्याला थांबवेना. दर पाच मिनिटांनी "बघू, बघू" करत ती क्यू काढून घ्यायची, जेवणाच्या टेबलावर हात टेकवून सर्र करून बघायची. "अजून."

"एकदम नाही काढायचं. काढलेलं परत घालता येत नाही," हिम्मतराव म्हणायचे. "जा, हॉलात मारून ये. मग सांग कुठं ओढतंय."

हॉल हा शब्द ते बोलले. सुशीलाबाईंनी मेथीतून मान वर केली आणि परत खाली घातली.

आठ दिवस असंच. दुपारी हॉल, संध्याकाळी गॅलरी, मधे एकनाथरावांचा तराजू. सहाशे चाळीस. सहाशे. पाचशे सत्तर. एकनाथरावांनी सुतळीची झोळी खुंटीलाच टांगून ठेवली आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले की ही पोरगी रोज काठीला डाएट करवते. पाचशे चाळीसवर आल्यावर एक दुपारी ब्रेक मारला आणि आवाजच वेगळा आला. कोरडा, टचकन. दोन बॉल एकाच वेळी दोन पॉकेटात. पुढच्या टेबलावरची पोरं वळली. तिनं परत मारला. परत एक गेला. दहापैकी सात वेळा काहीतरी पडत होतं. हलकी क्यू, वेगात जाणारी, तिच्या हाताच्या मापाची. जोर दंडात नसतो, वेगात असतो, हे त्या हॉलमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं.

टूर्नामेंट एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. भाग्या आठला पोचली आणि बंद शटरसमोर फेऱ्या मारत राहिली. पहिली मॅच तिनं पाच-एक अशी जिंकली, दुसरी पाच-तीन. आता फक्त एक. एक मॅच आणि आखरी चार, मेहदीपटणम, नोकरी. मोईनभाई लांबून बघत होते, शेजारी त्यांचा पार्टनर, पांढऱ्या सफारीतला, घड्याळ बघत.

समोर आला ओंकार. पुण्याचा, माधापूरकडच्या नवीन कॉम्प्युटरवाल्या इमारतीत नोकरी, उंच, रुंद खांद्याचा. दोन क्यू घेऊन यायचा, लेदरच्या पेटीत. एक अमेरिकेहून आणलेली, खेळायची. एक जाड, ब्रेकची. पोरगा वाईट नव्हता, पण बोलायचा फार.

"अच्छा, तू मराठी!" तो म्हणाला. "मला वाटलं तेलुगू. भाग्यलक्ष्मी म्हणे."

"भालकीचे हाव आम्ही."

"हाव!" ओंकार हसला. "हे कुठलं मराठी गं? करायलाव, जायलाव. शिकवेन मी तुला नीट, मॅच झाल्यावर."

"पहिले हरून घे. मग शिकव," भाग्या म्हणाली. मागची पोरं ओरडली, "वाह रे पोट्टी!"

पाच गेम जिंकायचे, आणि जो गेम जिंकेल त्यानं पुढचा ब्रेक मारायचा. ओंकारचा ब्रेक म्हणजे भिंत पडल्यासारखा. तो दोन-शून्य पुढं गेला, भाग्या खुर्चीत बसूच शकली नाही, खुर्चीभोवती फिरत राहिली. मग तो एक सोपा बॉल चुकला आणि ती उठली. दोन-एक. मग काळी क्यू. टचकन! दोन-दोन. दोन-तीन. मग तिनं घाई केली, बॉल पॉकेटाच्या ओठावरून परत आला. तीन-तीन. तीन-चार. आणि तिथं, एका गेमवर असताना, तिचा ब्रेक कोरडा गेला. ओंकारनं एका दमात सगळं टेबल साफ केलं. चार-चार.

शेवटचा गेम. ब्रेक ओंकारचा.

त्यानं टेबलाशेजारी उभं राहून ब्रेकची जाड क्यू जोरात हवेत फिरवून बघितली आणि खाली टेकवली. टक् असा बारीक आवाज झाला. टोकाचं चामडं निघून फरशीवर पडलं होतं. आधीच्या ब्रेकला सैल झालं असणार.

ओंकारनं ते उचलून बघितलं. मोईनभाई लांबूनच म्हणाले, "चिपकाने में एक घंटा. सूखने दे तो."

"दुसरी आहे ना तुझ्याकडं," कुणीतरी म्हणालं.

"हिनं ब्रेक?" ओंकारनं अमेरिकेची क्यू छातीशी धरली. "वेडे आहात का?" मग तो भाग्याकडं वळला. हात पुढं केला. "तुझी दे."

रीत सगळ्यांना माहीत होती.

भाग्याच्या हातात काळी क्यू होती. तिला माहीत होतं की ती आतून पोकळ आहे, की तिची मूठ हवेसारखी आहे, की ओंकारसारख्या माणसानं भिंत पाडायच्या जोरानं मारलं तर त्याचा हात क्यूच्या पुढं पळणार. गप्प राहून दिली तर बॉल उडेल, फाऊल होईल, मग पांढरा बॉल ती हवा तिथं ठेवून खेळेल. गप्प राहायचं होतं फक्त. तिला कधी गप्प राहता आलं होतं? पण आज आलं असतं. मेहदीपटणम. नोकरी. पार्टनरचं घड्याळ. दोन सेकंद तिनं क्यू दोन्ही हातांत घट्ट धरली.

"मागून पोकळ हाय ती," ती म्हणाली. पटकन, सगळं एका श्वासात. "आतलं शिसं काढलंय बाबांनी. पाचशे चाळीस ग्रॅम. तुझ्या दणक्याला नाही झेपायची, ओंकार. हळू मार."

तिनं क्यू दिली.

ओंकारनं ती हातात उडवून बघितली आणि हसला. "हळू? ब्रेक हळू मारतात तुमच्या भालकीत?" मागं त्याचे दोन ऑफिसवाले मित्र होते, ते पण हसले. आता तो हळू मारूच शकत नव्हता.

तो वाकला. खांदा मागं नेला. भाग्यानं डोळे मिटले नाहीत, तिला मिटताच आले नाहीत. हात सुटला, क्यू हवेसारखी पुढं गेली, टोक खाली रुतलं आणि पांढरा बॉल पहिल्या बॉलाला वरच्यावर घासून टेबलाबाहेर गेला, फरशीवर तीन टप्पे घेऊन पार्टनरच्या बुटाला लागला. टेबलावर मात्र बॉल थोडेफार पसरले होते.

"फाऊल," मोईनभाई म्हणाले.

ओंकार लाल झाला. मग क्यू तिच्याकडं परत देत म्हणाला, "सांगितलं होतंस."

"हौ," ती म्हणाली.

पार्टनरनं खाली वाकून बॉल उचलला आणि तिच्या हातात दिला. पहिल्यांदा तो तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं बॉल ठेवला, दोरा गुंडाळलेली आपली जुनी क्यू घेतली. एक नंबर गेला. दोन गेला. तीन गेला, जरा कडेला लागून. आता सगळ्यांना दिसत होतं की चार आणि नऊ एकाच रेषेत आहेत, चारनं नऊला ढकललं तर नऊ सरळ कोपऱ्यात, गेम तिथंच संपला. पण अंतर लांब, आणि केसभर चुकलं तर सगळं ओंकारचं. शहाणा माणूस चार, पाच, सहा असं एकेक करत गेला असता. मोईनभाईंनी काउंटरवरून हात खाली दाबून दाखवला, आहिस्ता, आहिस्ता.

भाग्याला एकेक करत जायचं नव्हतं. अजून सहा बॉल तिच्या अंगात नव्हतेच. ती वाकली, हनुवटी क्यूला लागली आणि ती पुतळा झाली. मग मारलं. चार जाऊन नऊला लागला, नऊ कोपऱ्याकडं निघाला, पॉकेटाच्या ओठावर जाऊन थांबल्यासारखा झाला, आणि आत पडला.

पोरांनी टेबलं बडवली. ओंकारनं हात पुढं केला, तिनं तो इतक्या जोरात हलवला की तो कळवळला. सेमीफायनल अर्ध्या तासानं होती आणि ती भाग्या पाच-शून्य हरली, कारण तिचं डोकं केव्हाच मेहदीपटणमला पोचलं होतं. हरताना ती हसत होती.

मग मोईनभाई आणि पार्टनर कोपऱ्यात बोलत उभे राहिले. भाग्या समोर फेऱ्या मारत होती. टेबल एक ते चार, चार ते एक. शेवटी मोईनभाईंनी बोलावलं.

"एक जून से. मेहदीपटणम. ग्यारह बजे पहला बैच."

"मैं दस को आती."

"हॉल ग्यारह को खुलता, अम्मा!"

भाग्यानं हात पुढं केला, तळवा वर.

"फिर चाबी देओ."